एकोणचाळीस बाटल्यांचा अर्ज

सर: थांब, थांब. अर्ज नोकरीचा होता आणि गेला तक्रार विभागात?

बाई: हो ना! रीतसर नंबर पडला त्याला. लाल फाईल झाली, ‘तीस दिवसांत चौकशी करून उत्तर द्या’ असा शिक्का बसला, आणि फिरत फिरत ती फाईल माझ्या टेबलावर येऊन पडली.

वहिनी: कोणाचा गं अर्ज? मी आत होते, मला पहिल्यापासून सांग. आणि चहा घे आधी, गार होतोय. भर दुपारची कारखान्यातून उठून आलीस, म्हणजे काहीतरी आहेच.

बाई: आमच्या गुणवत्ता विभागात एक जागा निघालीय, वहिनी. सर तिथले प्रमुख असताना मी पहिल्यांदा लागले होते ना, तीच जागा. जाहिरात दिली, तर दोनशे तेरा अर्ज आले.

वहिनी: एका जागेला?

बाई: एका जागेला. आणि सगळे जुळे भाऊ-बहीण. ‘मी कष्टाळू आहे, मला सगळ्यांना बरोबर घेऊन काम करायला आवडतं, गुणवत्तेची मला तळमळ आहे.’ चाळीस जणांची तळमळ वाचून झाल्यावर मला जांभया यायला लागल्या.

सर: आणि ही त्यातलीच एक.

बाई: ही त्या गठ्ठ्यात पोचलीच नाही, सर. तिचं पोस्टानं आलेलं पाकीट. आत चार ओळींचं पत्र, शिक्षण आणि आधीच्या नोकरीचा एक कागद, आणि हातानं आखलेला एक तक्ता. तक्त्यात आपल्याच औषधाच्या बाटल्यांची मापं. एचआरच्या साहेबांनी औषधाचं नाव बघितलं, आकडे बघितले, आणि त्यांना वाटलं कोणीतरी गिऱ्हाईक पिसाळलंय. दिलं तक्रारीत ढकलून.

वहिनी: आणि ते चार ओळींचं पत्र?

बाई: ते वाचायला वेळ कोणाला असतो? मीसुद्धा आधी तक्ताच वाचला. मग नियमाप्रमाणे फोन लावला. म्हटलं, ‘तुमच्या तक्रारीबद्दल बोलायचं होतं.’ पलीकडून, ‘कसली तक्रार?’ मग म्हणते, ‘माझी काही तक्रार नाहीये हो मॅडम. मी नोकरीसाठी अर्ज केलाय.’

वहिनी: अरे देवा! मग तू काय म्हणालीस?

बाई: काय म्हणणार? हसूच आलं. तीही हसली. म्हणाली, ‘निदान कोणीतरी फोन तरी केला.’

सर: करते काय ती?

बाई: औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असते. आठ वर्षं झाली. त्याआधी पाच वर्षं एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होती, चांगल्या हुद्द्यावर. मग आईला अर्धांगवायू झाला. घरात दुसरं कोणी करणारं नाही. नोकरी सोडली आणि घराखालच्या दुकानात अर्धा दिवस लागली. गेल्या वर्षी आई गेली, तशी दुकानात पूर्ण दिवस लागली. तेव्हापासून अर्ज करतेय.

सर: आपल्याकडे पहिलाच?

बाई: तिसरा. आधीचे दोन संगणकावरून केले होते. आठ वर्षांचा खंड दिसला की ती चाळणी माणसाला खालच्या खाली पाडते, आमच्यापर्यंत येऊच देत नाही. मी तिला विचारलं, या वेळी असा का केलात? तर म्हणाली, ‘दोनदा सगळ्यांसारखा अर्ज केला, मॅडम. उत्तरही सगळ्यांना येतं तेच आलं.’

सर: हं. तिखट दिसतेय. औषध कुठलं?

बाई: सांगते ना. आधी मुलाखतीचं ऐका—

सर: औषध कुठलं, ते मी विचारतोय.

बाई: लहान मुलांचं. पावडरची बाटली.

वहिनी: ती पाणी घालून हलवायची? आपल्या नातीला द्यायचो ती?

बाई: तीच, वहिनी. आत जंतूंवरच्या औषधाची पावडर असते. घरी उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या रेघेपर्यंत घालायचं, हलवायचं, आणि चमच्यानं मोजून पोराला द्यायचं.

सर: म्हणजे मापं रेघेची आहेत.

बाई: हो, सर. रेघेची. तळापासून किती उंचीवर आहे, ते.

वहिनी: तुमचा चेहरा का असा उतरला? काय झालं त्या रेघेला?

सर: काही नाही. तू बोल. मुलाखतीचं सांगत होतीस ना? बोला, बाई, बोला.

वहिनी: हिला ‘बाई’ म्हणायला लागले की समजायचं, कुठेतरी लागलंय.

बाई: पाच जणांना बोलावलं होतं. त्यात एक मुलगा मोठ्या कारखान्यातला. बांधीव फाईल, इस्त्रीचा सदरा, प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. वाईट नव्हता हं, खरंच हुशार. एचआरचे साहेब तर त्याच्यावर फिदाच झाले. ‘आणखी बघायचंय कशाला?’ म्हणाले. हिला मी हट्टानं बोलावलं होतं. त्यांनी तिचं नावच ठेवलं, काउंटरवाली.

सर: आली कशी?

बाई: साधी. छत्तीस-सदतीसची असेल. येताना पायऱ्यांवर धावली असावी, घाम पुसत होती. दुकानातून थेट आली होती, बोटाला पेनाची शाई. साहेबांनी पहिलाच बाण सोडला, ‘आठ वर्षांची पोकळी दिसतेय तुमच्या कामात.’ तर म्हणते, ‘पोकळी कुठली, साहेब? सकाळी नऊ ते दोन दुकान, दुपारनंतर आई. मान वर करायला फुरसत नव्हती.’

वहिनी: बरोबर बोलली! घरी माणूस अंथरुणाला खिळलेलं असलं की काय होतं, ते करणाऱ्यालाच कळतं.

बाई: मग विचारलं, ‘हल्ली सगळ्या नोंदी संगणकावर घेतात, तुम्ही केलंय का ते काम?’ दुसरा कोणी असता तर ‘थोडीफार कल्पना आहे’ म्हणून वेळ मारून नेली असती. ही सरळ म्हणाली, ‘नाही. मी असताना वह्या होत्या. इथे नव्या माणसाला शिकायला किती दिवस लागतात?’ साहेब म्हणाले, ‘दोन महिने.’ ‘मग मला अडीच धरा,’ म्हणाली.

सर: अडीच! हिशेबी आहे.

बाई: मग मी सगळ्यांना दिलं तेच काम तिला दिलं. टेबलावर आपली बाटली, शेजारी भांड्यात पाणी. म्हटलं, औषध तयार करून दाखवा. तुम्ही आमची परीक्षा घ्यायचात, तशीच.

सर: इतरांनी काय केलं?

बाई: चौघांनी रेघेपर्यंत पाणी घातलं, खळखळा हलवलं, ठेवलं, आणि हसून माझ्याकडे बघितलं. पावडर विरघळल्यावर पाणी खाली उतरतं, ते कोणीच पुन्हा वळून पाहिलं नाही.

सर: फाईलवाल्यानंही नाही?

बाई: त्यानं तर पाण्याच्या प्रतीबद्दल दोन वाक्यंसुद्धा ऐकवली. बाटलीकडे मात्र बघितलं नाही. आणि हिनं काय करावं? आधी हात धुवायला जागा विचारली. मग बाटली उलटी केली, तळाशी टिचक्या मारल्या, बसलेली पावडर मोकळी केली. निम्मं पाणी. हलवली. आणि टेबलावर ठेवून गप्प उभी राहिली.

वहिनी: गप्प? का?

बाई: साहेबांनीही तेच विचारलं. ‘झालं का?’ तर म्हणाली, ‘नाही. फेस बसू दे.’ आणि पुन्हा गप्प. एक मिनिट. दोन मिनिटं. साहेब घड्याळ बघतायत, मी तिच्याकडे बघतेय, आणि ती बाटलीकडे बघतेय. सर, मी इतक्या मुलाखती घेतल्या. लोक भीतीपोटी बोलत सुटतात. नोकरी समोर टांगलेली असताना दोन मिनिटं तोंड मिटून फेस बसायची वाट बघायला छाती लागते.

सर: बसला का फेस?

बाई: बसला. मग उरलेलं पाणी घ्यायला तिनं भांडं उचललं आणि थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, ‘मॅडम, रेघेपर्यंत घालू, की बरोबर घालू?’

वहिनी: म्हणजे? रेघ म्हणजेच बरोबर ना?

सर: चहा आहे का आणखी?

वहिनी: अहो, मी विचारतेय. रेघ म्हणजेच बरोबर ना?

सर: असायला हवी. पूर्वी ती रेघ काचेतच ओतलेली असायची. बाटलीबरोबरच जन्माला यायची, हलायचा प्रश्नच नाही. बारा वर्षांपूर्वी काचवाल्यानं तो साचा बंद केला. दुसरा कोणी तशी बाटली द्यायला तयार नव्हता. औषध बाजारात पोचत नव्हतं, रोज दवाखान्यांचे फोन यायचे. तेव्हा रेघ लेबलवर छापायची असं ठरलं.

वहिनी: कोणी ठरवलं?

सर: मी. सही माझी आहे.

बाई: सर, मी म्हणून आधी इथे आले. वरच्या मजल्यावर तुमच्या सहीचा कागद निघण्याआधी तुम्हाला माझ्या तोंडून कळावं.

सर: उपकार तुझे. पण त्या बाईला काय ठाऊक ते दिवस कसे होते? दुकानात उभं राहून बोट दाखवायला काय जातं? मी पडताळणी केली होती. स्वतः मोजल्या होत्या बाटल्या. लेबल एक मिलीमीटरच्या वर इकडे-तिकडे होत नव्हतं.

बाई: किती मोजल्या होत्यात?

सर: दहा.

बाई: मशीन नवीन होतं.

सर: कोरं करकरीत होतं. हो. आणि दहाही बाटल्या एकाच सकाळच्या. कळतंय मला तू कुठे नेतेयस ते. किती सरकतं आता?

बाई: तिच्या तक्त्यात साडेचार मिलीमीटरपर्यंत. कुठे वर, कुठे खाली. मी काल स्वतः गोदामात जाऊन वीस मोजल्या. त्यांत पाच मिलीमीटरपर्यंत निघालं.

वहिनी: अगं, पाच मिलीमीटर म्हणजे एवढंसं. नखाएवढं.

सर: एवढंसं नाही ते. त्या लहान बाटलीत नखाएवढं म्हणजे चमचाभर पाणी. कमी पडलं तर पोराला औषध जास्त जातं, जास्त पडलं तर औषध पातळ होतं आणि ताप उतरत नाही. आई म्हणते औषधाला गुण नाही. डॉक्टर बदलतात, औषध बदलतात, रेघ कोणी बघत नाही.

बाई: तिनं बघितली. काउंटरवर आया यायच्या, ‘ही बाटली जास्त घट्ट झाली’, ‘मागची पातळ होती’. दुसरा दुकानदार म्हणाला असता, तुम्हीच चुकीची केली. हिनं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, मोकळी बाटली टाकू नका, आणून द्या. आठ महिने जमवल्या. वेगवेगळ्या महिन्यांच्या, वेगवेगळ्या खोक्यांतल्या. दुकान बंद करायच्या आधी रोज पाच मिनिटं.

सर: तक्ता आणलायस?

बाई: तिचं नाव झाकून, प्रत आणलीय.

सर: नाव झाकलंस ते बरं केलंस. दे इकडे. चष्मा कुठेय माझा?

वहिनी: कपाळावर.

(सर कागद वाचतात.)

सर: या दोन ओळी का खोडल्यात? पहिल्या आणि दुसऱ्या बाटलीच्या?

बाई: नीट बघा ना.

सर: एकच आडवी रेघ मारलीय. खालचा आकडा वाचता येतोय. शेजारी सही, तारीख, आणि... ‘पट्टीचा शून्य कडेला नाही. माप चुकलं. नवी पट्टी घेतली.’ अरे!

वहिनी: त्यात ‘अरे’ काय?

बाई: वहिनी, तिनं पहिल्या दोन बाटल्या मुलीच्या शाळेच्या पट्टीनं मोजल्या होत्या. त्या पट्ट्यांना कडेला थोडी कोरी जागा असते, शून्य आतून सुरू होतो. तिसऱ्या बाटलीला तिच्या लक्षात आलं. दुसऱ्या कोणी तो कागद फाडून नवीन लिहिला असता. तिला कोण बघत होतं? ना तपासनीस, ना साहेब. दुकानातली वही ती.

सर: आपल्या खात्यात हे शिकवता शिकवता मी म्हातारा झालो. चूक खोडायची तर अशी, की पुढच्या माणसाला ती दिसली पाहिजे. मोठमोठ्या पदव्यांची पोरं पांढरा रंग फासायची, पानं फाडायची. आणि ही, आठ वर्षं कारखान्याबाहेर राहून...

बाई: मी तो कागद बघितला आणि मुलाखतीआधीच अर्धी हरले, सर. एक्केचाळीस मोजल्या, दोन स्वतःच बाद केल्या. उरल्या एकोणचाळीस.

सर: मी पगार घेऊन दहा मोजल्या. ती बिनपगारी एकोणचाळीस मोजते.

वहिनी: पुरे आता. तेव्हा सगळं सुरळीत होतं ना? मशीन झिजलं त्याला तुम्ही काय करणार?

सर: मशीन झिजणारच. मशीन झिजतं हे मला माहीत नव्हतं का? दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजा, एवढी एक ओळ त्या कागदावर लिहायला हवी होती. घाईत होतो. राहिली. बस. एवढंच झालं.

बाई: तुमचं एकट्याचं नाही झालं. त्या दिवशी बाटल्या तुमच्या हातात द्यायला मी उभी होते. आठवतं?

सर: तू होतीस?

बाई: चार महिने झाले होते मला लागून. तुम्ही दहावी बाटली खाली ठेवलीत तेव्हा माझ्या मनात आलं होतं, उद्याच्या पण मोजायला हव्यात. जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं.

सर: मग बोलली का नाहीस?

बाई: तुम्ही म्हणजे तुम्ही होतात, सर! अख्खा मजला चळाचळा कापायचा तुमच्यासमोर. मी मूग गिळून गप्प बसले. नोकरी टिकवायची होती. आणि पुढे तुमच्याच खुर्चीत बसले, तरी सहा वर्षांत कधी पट्टी घेऊन खाली गेले नाही. म्हणून त्या बाईकडे बघताना मला कौतुक वाटत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखंही होत होतं. मी नोकरी टिकवायला जे बोलले नाही, ते ती नोकरी मागायला येताना बोलली.

वहिनी: मग अडलंय कुठे? घ्या की तिला.

बाई: एचआरच्या साहेबांचा मुद्दा आहे, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणाले, ‘फाईल तक्रारीची आहे. तक्रार करणारीला नोकरी दिली तर लोक काय म्हणतील? तोंड बंद केलं म्हणतील.’ आणि नाही दिली तर? खरं बोलली म्हणून हाकलली म्हणतील.

सर: तिला कल्पना आहे याची?

बाई: तीच आधी बोलली. मुलाखत संपली, मी तिला दारापर्यंत सोडायला गेले. जिन्यापाशी थांबून म्हणाली, ‘मॅडम, एक स्पष्ट सांगते. नोकरी नाही दिलीत तरी रेघेचं काहीतरी करा. आणि दिलीत, तर मी तो कागद मागे घेणार नाही.’

सर: जिन्यात म्हणाली हे?

बाई: जिन्यात. तिला नोकरीची गरज नाही असं समजू नका. मुलगी शाळेत आहे, नवरा महिनोन्‌महिने कामासाठी परगावी. हे सगळं तिच्या डोक्यात होतं. पण बोलली.

वहिनी: कमाल आहे बाई तिची.

सर: मग तू काय ठरवलंस? माझ्याकडे विचारायला आलीस की सांगायला?

बाई: निघाले तेव्हा विचारायला निघाले होते. रस्त्यात विचार केला. आता सांगतेय.

सर: सांग.

बाई: आज सकाळी दहा वाजता लेबलचं मशीन बंद केलं. चौकशीच्या कागदावर सही केली. गोदामातला माल अडवून ठेवलाय. बाजारात गेलेल्या मालाचं काय करायचं, त्याची बैठक दुपारी चारला.

सर: मशीन बंद केलंस? वर न विचारता?

बाई: विचारायला गेले असते तर ते आठ दिवस ‘बघू’ म्हणाले असते. मालकांचा फोन आला होता. बराच वेळ ओरडत होते. मी फोन कानापासून लांब धरून ऐकला.

सर: आणि मग?

बाई: मग मी पाच मिलीमीटर म्हणजे किती औषध, ते हिशेब करून सांगितलं. ओरडणं थांबलं. म्हणाले, ‘चारला मीही येतो.’ म्हणजे बघा, तक्रारीचं काम आधी, सहीसकट, तारखेसकट. नोकरीचा कागद त्याच्यानंतर. कोणी म्हणूच शकत नाही की तोंड बंद केलं. तोंड तर आम्हीच उघडलंय.

सर: क्रम बरोबर आहे.

बाई: आणि उपायही तिनंच पत्रात लिहिलाय, शेवटच्या ओळीत. ‘रेघच कशाला हवी? मोजलेल्या पाण्याची छोटी कुपी बाटलीसोबत द्या.’ 

सर: मोजलेलं पाणी. म्हणजे घरी रेघ बघायचीच नाही. कुपी फोडा, ओता, हलवा. हे... हे मला का सुचलं नाही?

वहिनी: तुम्ही कधी रडणारं पोर काखेत घेऊन, एका हातानं बाटली डोळ्यांसमोर धरून ती रेघ शोधलीय का? मी शोधलीय. नातीच्या वेळी. चष्मा घसरलेला, पाणी सांडलेलं. मला विचारलं असतंत तर मीही सांगितलं असतं.

सर: तुला विचारायला हवं होतं.

वहिनी: हे आत्ता काय म्हणालात? पुन्हा म्हणा. हिच्यासमोर म्हणा.

सर: म्हटलं ना एकदा. बैठक चारला, नाही का?

बाई: हो. का?

सर: मी येतो. दारात अडवतील, तू सांगून ठेव. रेघ का बदलली, किती मोजल्या, काय लिहायचं राहिलं, हे मी स्वतः सांगेन. कागदावर माझी नुसती सही बोलली तर लोक काहीही अर्थ काढतील. माणूसच समोर बसलेला बरा.

बाई: सर, तुम्हाला त्रास... मला ते नको होतं. तुमचं नाव मी—

सर: माझं नाव झाकू नकोस. तिचं झाकलंस ते ठीक. माझं नाही.

वहिनी: तो निळा सदरा काढून ठेवते. आणि सरळ उत्तरं द्या तिथे, लोकांवर गुरकावू नका.

सर: आणि त्या फाईलवाल्या मुलाला काय सांगणार?

बाई: खरं तेच. की तुम्ही चांगले आहात, पण पाणी खाली उतरलेलं तुम्ही बघितलं नाहीत. मी त्याला स्वतः फोन करणार आहे. तरुण आहे, ऐकेल. पुढच्या ठिकाणी नक्की बघेल.

सर: आणि हिला कळवलंस?

बाई: अजून नाही. आधी तुम्हाला भेटायचं होतं.

सर: मग आता वाट कसली बघतेस? लाव फोन. इथूनच लाव.

बाई: आत्ता दुकानात असेल ती.

वहिनी: असू दे. चांगली बातमी काय, कुठेही गोडच लागते.

बाई: लावते. ... हॅलो? हो, मीच बोलतेय, कारखान्यातून. ... हो हो, आधी गिऱ्हाईक बघा. मी धरते.

वहिनी: काय झालं?

बाई: कोणी आजोबा आलेत. त्यांना दोन गोळ्यांतला फरक समजावतेय. ऐकू येतंय मला, तिसऱ्यांदा सांगतेय. ... हं, बोला. नाही नाही, तक्रारीबद्दल नाही. तक्रारीचं काम आज सुरू झालं, मशीन बंद आहे, लेखी उत्तर तुम्हाला वेगळं येईल. हा फोन अर्जाबद्दल आहे. ... हो. ... हो, तुमचीच निवड झालीय. ... हॅलो? ... ऐकताय ना?

वहिनी: रडतेय का?

बाई: शू. ... हो, आहे मी इथेच. सावकाश. ... पुढच्या सोमवारपासून आलात तर बरं. ... अच्छा. ... अच्छा. का हो? ... बरं. ... बरं, विचारून सांगते. ठेवू नका, एक मिनिट.

सर: काय म्हणतेय? नाही म्हणतेय का?

बाई: नाही म्हणत नाहीये. पंधरा दिवस मागतेय. दुकानात तिच्या जागी नवीन मुलगी येतेय, तिला शिकवून यायचंय. म्हणते, कुपीचं ठरलं तरी त्या बाटल्या बाजारात यायला महिने लागतील, तोवर जुन्याच बाटल्या घेऊन आया काउंटरवर येणार. कोणाला तरी ते नीट करून देता आलं पाहिजे. एचआरचे साहेब म्हणालेत, कोणालाही घ्या, पण सोमवारी माणूस रुजू झालं पाहिजे. काय सांगू?

सर: खुर्ची तुझी आहे, मला काय विचारतेस?

बाई: तरी सांगा.

सर: महिना दे तिला.